आधी पिनकोड बदला

पुण्यात चार वर्षं नोकरी करून तुम्ही सांगलीला परत आलात, फार छान झालं. आईच्या हातचं जेवण, भाडं नाही, ट्रॅफिक नाही, आणि लॅपटॉप काय कुठंही उघडतो. फक्त येताना जीभ बाणेरला ठेवून यायला हवी होती. ती तुम्ही बरोबर आणलीत, म्हणूनच शनिवारी संध्याकाळी बिअर शॉपीच्या जाळीसमोर उभं राहून ‘हेफेवायझन आहे का?’ असं, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर आहे का असं, विचारायची पाळी आली. मालकानं शेजारच्या मेडिकलकडे बोट दाखवलं. त्याच्यावर रागावू नका. त्यानं मनापासून मदतच केली.

असली क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान ब्रुअरीत (बिअरच्या छोट्या कारखान्यात) थोडीथोडी काढलेली बिअर, मिळवायचा खात्रीचा मार्ग एकच, पिनकोड बदलणे. पण घरचे आता पुन्हा सोडणार नाहीत. तेव्हा इथं राहूनच काय जमतंय ते बघू.

सगळ्यात आधी भाषा सुधारा. एल, स्टाउट, आयपीए वगैरे बिअरच्या जातीची मंडळी कात्रजच्या बोगद्यापलीकडेच राहू द्या. इकडे बिअरचे प्रकार दोन, स्ट्राँग आणि माइल्ड. त्यातही माइल्ड मागणाऱ्याकडे लोक ‘डॉक्टरांनी सांगितलंय का?’ अशा काळजीनं बघतात. हा काही सांगलीचा मागासपणा नव्हे. देशभर खपणाऱ्या बिअरमध्ये सर्वात मोठा वाटा स्ट्राँगचाच आहे, कारण गिऱ्हाईक हिशेबी आहे. तेवढ्याच पैशात जास्त लागली पाहिजे, एवढीच त्याची मागणी. तुम्ही मात्र जवळजवळ दुप्पट पैसे देऊन कमी लागणारी बिअर मागता आणि वर सांगता, हिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. अहो, केळी घरात आहेत, लवंग मिसळणाच्या डब्यात आहे.

मग फ्रिज वाचायला शिका. बिअर शॉपीतला काचेच्या दाराचा तो उंच फ्रिज अनेकदा मोठ्या कंपनीनंच दिलेला असतो, तिचं नाव वर दिव्यासकट झळकत असतं. आता ज्याचा फ्रिज, त्याच्या बाटल्या डोळ्यांसमोर, हे ओघानं आलंच. तुमची वस्तू शोधायची तर गुडघ्यावर बसावं लागेल. अगदी खालच्या कप्प्यात, सोड्याच्या आणि पाण्याच्या बाटल्यांमागं, कधीमधी एखादी पिंट, म्हणजे छोटी बाटली, सापडते. लेबलचा एक कोपरा ओलीनं सुटलेला, त्यावर रंगीबेरंगी चित्र, आणि उत्पादनाचा महिना असा की तेव्हा आपल्याकडे द्राक्षाची छाटणी चालू होती. ‘एका पाव्हण्यानं मागवली होती, पुन्हा फिरकलाच नाही बघा,’ असा तिचा इतिहास मालक सांगतो. मग बाटली ट्यूबलाइटकडे धरतो, तळाशी काहीतरी हलताना बघतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो, ‘साहेब, ही खराब झाली. गाळ बसलाय. दुसरी देतो की चांगली.’

इथं तोंड उघडू नका. गव्हाची बिअर न गाळता भरतात, तिच्यात यीस्ट राहतं, ती गढूळच असायला हवी, हे सगळं खरं आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर नितळ माल विकून नाव कमावलं, त्याला काउंटरवर गढूळपणाचं महत्त्व पटवणं तुमच्या वयाला शोभत नाही. शिवाय गंमत अशी की त्याचं निदान चुकलं तरी निकाल बरोबर निघण्याची शक्यता दांडगी असते.

कारण ती बाटली इथवर आली कशी ते बघा. मोठ्या कारखान्यातली लागर, म्हणजे आपली नेहमीची नितळ बिअर, पाश्चराइज केलेली (गरम करून जंतू मारलेली) असते. ती उन्हात, टेम्पोत, गोदामात कशीही पडली तरी बराच काळ तग धरते. न गाळलेली, पाश्चराइज न केलेली बिअर म्हणजे माहेरी आलेली लेक, तिला कायम थंडाव्यात ठेवावं लागतं. आता मे महिन्यात पुण्याहून टेम्पो निघणार, खंबाटकी चढणार, कऱ्हाडला ड्रायव्हर जेवायला थांबणार, मग होलसेलरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम. दुकानात पोचल्यावर फ्रिज आहे, पण काही मालक रात्री शटर ओढताना मेन स्विचही ओढतात, बिल वाचतं. आणि कुणी हौसेनं दोन बाटल्या शोसाठी काउंटरवर मांडल्याच, तर दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधली द्रव्यं उजेडानं बिघडतात, बिअरला कुबट वास मारतो. तपकिरी काच त्यासाठीच असते, पण तिनंही किती सोसायचं? तुम्ही ती घरी नेऊन उघडता, वास घेता आणि ‘फंकी आहे’ म्हणता. मित्र मान डोलावतात.

पुरवठ्याचं दुखणं कुणाच्या वाईटपणात नाही, हेही समजून घ्या. सरकारनं यात फार विचार केला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दारू राज्यांच्या यादीत आहे, म्हणून प्रत्येक राज्याचा कर वेगळा, परवाना वेगळा, लेबलची मंजुरीही वेगळी. 2017 साली जीएसटी आला, ‘एक देश, एक कर’ झालं, बिअर मात्र बाहेरच उभी राहिली. आपल्या राज्यात सगळा दारूधंदा ज्या कायद्याखाली चालतो त्याचं नाव दारूबंदी कायदा, सन 1949. दारूबंदीच्या कायद्यानं दारू विकायची, हे जमवायला प्रतिभा लागते. त्यात लहान ब्रुअरीवाल्यानं काय करायचं? चार चवींची बिअर असेल तर चार लेबलं, प्रत्येकाची फी, प्रत्येक राज्यात. ‘बिरा’ नावाची बिअर काढणाऱ्या कंपनीनं मध्यंतरी आपल्या नावातला ‘प्रायव्हेट’ एवढा एकच शब्द गाळला, तर राज्याराज्यांत लेबलं नव्यानं मंजूर करून घ्यावी लागली. विक्री काही महिने अडली आणि कोट्यवधींचा माल वाया गेला. एवढ्या मोठ्या गड्याची ही गत, तर बाकीच्यांनी पुण्या-मुंबईतच आपला माल संपवला तर त्यांना नावं ठेवू नका. सांगलीच्या तीन गिऱ्हाइकांसाठी टेम्पो काढणारा माणूस धंद्यात टिकत नाही.

आणि टेम्पो जातोच की आपल्या दारावरून! पुण्यात 2009 साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, बंगळुरूत 2010 साली टॉइट. या दोन शहरांना जोडणारा हायवे साताऱ्याच्या उशाखालून, कऱ्हाडच्या पोटातून जातो. पेठ नाक्यावर सांगलीचा फाटा फुटतो. तिथं ऊस वळतो, वऱ्हाड वळतं, तुम्ही स्वतः वळलात, फक्त गव्हाची बिअर सरळ जाते. साताऱ्याच्या भावांनी यावर खूश होऊ नये. 1 एप्रिल 2017 पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं हायवेपासून 500 मीटरच्या आतली दुकानं बंद झाली, तेव्हा त्यांच्याकडची स्ट्राँगसुद्धा काही महिने शोधावी लागत होती. पुढं शहरांना सवलत मिळाली म्हणून निभावलं.

‘मग आपणच इथं काढू की ब्रुअरी!’ हा विचार तुमच्या मनात रात्री अकरानंतर येणार. येऊ द्या, सकाळपर्यंत जातो. बार्ली राजस्थान-हरियाणाकडची, हॉप्स बहुतेक जर्मनी-अमेरिकेचे, यीस्ट पाकिटातलं. आपलं काय, तर पाणी. त्याची मात्र ददात नाही, 2019 साली कृष्णेनं ते घरपोच दिलं होतं. तरीही लोक लेबलवर ‘लोकल’ लिहितात. उद्या कुणी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नाहीतर सांगलीची हळद घालून बिअर काढलीच, तर ती कोरेगाव पार्कातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असेल, किंमतीसकट. माल आपला, गिलास त्यांचा. ऊस, दूध, द्राक्षं, इंजिनिअर असं सगळं आपण वर्षानुवर्षं असंच पाठवत आलोय, बिअरनं वेगळं का वागावं?

ब्रुअरी काढलीतच तर उद्घाटनाच्या आधी वॉर्डातल्या वहिनींना विचारून घ्या. मतदानानं बाटली आडवी करायची सोय कायद्यात आहे, आणि मतपत्रिकेवर लागर-एल असा भेद नसतो. पलूसला वाइन पार्क काढलं तेव्हाही असाच उत्साह होता. जिल्ह्यातला शेतकरी मात्र शहाणा. तो द्राक्षाचा बेदाणा करतो, कोल्ड स्टोरेजला ठेवतो आणि भावाची वाट बघतो. बेदाण्याला लेबलची मंजुरी लागत नाही.

उरला पुण्याचा रस्ता. सांगलीहून सुमारे 230 किलोमीटर, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन टोलनाके. पिऊन गाडी चालवायची नाही, म्हणजे मुक्काम आला. मुक्काम म्हणजे हॉटेल नाहीतर त्या मित्राचा सोफा, जो आता लग्नानंतर सोफा राहिलेला नाही. डिझेल, टोल, मुक्काम, सकाळचा पोहे-चहा असं सगळं मिळून एका ग्लासाचा भाव काढून बघा. जमलं तर बायकोला सांगू नका. गोव्याहून दोन खोकी डिकीत टाकून आणायचा बेत असेल तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, ती फक्त गोव्यात विकण्यासाठी असते. परवान्याशिवाय हद्द ओलांडली की बिअर आणि गाडी दोन्ही नाक्यावर राहतात. मिरजेहून कर्नाटकातलं कागवाड तर हाकेच्या अंतरावर आहे, पण तिकडची हद्दही हद्दच. आणि कागवाडला जाऊन आयपीए मागणार असाल, तर पुन्हा मेडिकलपासून सुरुवात.

एवढं ऐकूनही जिद्द टिकली असेल, तर एक उपाय खरोखर चालतो. दुकानदार मागणी ओळखतो. दहा मित्र गोळा करा. सगळ्यांनी एकाच दुकानात, एकाच बाटलीचं नाव सांगायचं, दर शनिवारी. तिसऱ्या आठवड्यात मालक होलसेलरला फोन लावतो आणि एक खोकं येतं, 24 पिंटा. तो ते स्वतः वरच्या कप्प्यात मांडतो, तुमच्यासाठी स्ट्राँगच्या दोन ओळी मागं सारून. शनिवार उजाडतो. एकाच्या मेहुण्याचं लग्न निघतं, एकाला पित्त झालेलं असतं, तिघं ‘तिचा दर बघितलास का?’ म्हणतात, आणि उरलेले भडंगाचा पुडा घेऊन नेहमीच्या बाटलीकडे वळतात. तुम्ही एकटे दोन पिंटा घेता, एक चवीसाठी आणि एक तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचा कॉल कानाला लावून दुकानाच्या समोरच्या बाजूनं जायला शिका. तरी मालक हाक मारतोच, भर रस्त्यात, चांगल्या खणखणीत आवाजात. ‘ओ साहेब! तुमच्या त्या गढूळ 22 राहिल्यात. कधी नेताय?’