चालू मशीनवर कीबोर्डची पिन काढघाल करू नका

परवा दुपारी मावशीचा फोन आला. "अरे, चार नंबरच्या मशीनचा कीबोर्ड गेला आणि आता माऊसही गेला. मेसेजमध्ये लिहिलं होतं तसंच केलं रे मी."

मावशीची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. टाइपरायटर जाऊन परीक्षा संगणकावर आली तेव्हा तिने सेकंडहँड डेस्कटॉप घेतले. मागे जांभळं आणि हिरवं गोल पोर्ट असलेले ते डबे अजून चालतात आणि मराठी ३० ची मुलं त्यांच्यावरच सराव करतात. तिला आलेला मेसेज गेल्या आठवड्यात मलाही तीन ग्रुपांतून आला होता. "जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड बंद? मेकॅनिकला पैसे देऊ नका" असा मथळा आणि खाली पाच उपाय. मी वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं.

पहिला उपाय असा: मशीन चालूच ठेवा आणि कीबोर्डची पिन चार-पाच वेळा काढून घाला, करंटने कार्बन उडून जातो. कार्बन वगैरे काही उडत नाही. उडतो तो मदरबोर्डवरचा फ्यूज.

ही गोल पिन १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आली, म्हणून तिला पीएस/२ म्हणतात. आत सहा काड्या असतात, त्यांतल्या चारच कामाच्या: एक डेटाची, एक क्लॉकची, एक ग्राउंड आणि एक ५ व्होल्टची. यूएसबी चालू मशीनवर काढता-घालता यावं अशाच बेताने बनवलं गेलं, पीएस/२ तसं नाही. पीएस/२ च्या प्रोटोकॉलवर, म्हणजे कीबोर्ड आणि मशीन एकमेकांशी कसे बोलतात त्या नियमांवर, अ‍ॅडम चॅपवेस्के यांचा एक जुना लेख आहे, सर्किट बनवणारे लोक आजही तोच उघडतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की कीबोर्डने पोर्टकडून २७५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट ओढू नये, चालू मशीनवर काढघाल केली की करंटचा झटका बसू शकतो आणि जुन्या मशीनमध्ये बोर्डवर बसवलेला फ्यूज त्याने उडाला की साध्या तंत्रज्ञाला तो दुरुस्तही करता येत नाही. पुढच्या काळात आपोआप पूर्ववत होणारे फ्यूज आले, पण ते सगळ्या बोर्डांवर असतीलच असं नाही, म्हणून काढघाल करू नका, असं ते सांगतात.

"मी दहा वेळा केलंय, काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या बोर्डवर तो नवा फ्यूज असेल, मावशीच्या बोर्डवर नव्हता. शिवाय मशीन सुरू होताना कीबोर्ड जोडलेला नसेल तर मागाहून लावलेला कीबोर्ड विंडोज बऱ्याचदा ओळखतच नाही, रीस्टार्ट करावं लागतं. त्यामुळे पिन नीट बसली तरी कीबोर्ड मेल्यासारखाच दिसतो. माणूस ती पुन्हा उपसतो, पुन्हा घालतो आणि दर वेळी धोका पत्करतो.

दुसऱ्या उपायाने तर माझं डोकंच फिरलं. "तरी चालला नाही तर सेफ्टी पिनने पोर्टची भोकं खरवडून साफ करा." मशीन बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि मावशीने केलंही तसंच. त्या गोल पोर्टच्या बाहेरचं धातूचं कडं ग्राउंडला जोडलेलं असतं. ५ व्होल्टच्या भोकात गेलेली सेफ्टी पिन त्या कड्याला टेकली की सरळ शॉर्ट. मी गेलो, वायर काढली, झाकण उघडलं. पोर्टच्या मागेच तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज होता, त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला तर बीप नाही, म्हणजे फ्यूज उडालेला. कीबोर्ड आणि माऊस दोघांना त्याच फ्यूजमधून वीज जात होती, म्हणून दोन्ही एकदम गेले.

आणि मूळ दोष काय होता? कीबोर्डच्या पिनमधली एक काडी आडवी झोपली होती. टेबलाखाली वाकून, अंधारात, अंदाजाने पिन फिरवत घातली की असंच होतं. त्या पिनवर बाण असतो, आत प्लास्टिकची चौकोनी पट्टी असते. ती खाचेत बसली की पिन अलगद जाते, जोर लावावा लागतो तेव्हाच काहीतरी चुकतंय हे ओळखायचं. लीड पेन्सिलीतलं लीड काढून तिचं पोकळ टोक त्या काडीवर चढवलं, हळूहळू सरळ केली आणि तोच कीबोर्ड दोन नंबरच्या मशीनला लावून सुरू केलं. नमलॉकचे दिवे एकदा लुकलुकले, टायपिंग सुरू. म्हणजे कीबोर्ड चांगला होता, चांगलं पोर्ट मात्र हकनाक मेलं.

मेसेजमधलं एक वाक्य मला मान्य करावं लागतं: बहुतेक वेळा दोष पिन सैल असण्याचाच असतो. खरं आहे. पिन काढून नीट बसवणं हाच पहिला उपाय, पण मशीन बंद करून. आणि बंद म्हणजे नुसतं शटडाउन नव्हे. काही बोर्डांवर कीबोर्डच्या पोर्टला स्टँडबायची ५ व्होल्ट वीज शटडाउननंतरही मिळत राहते. भिंतीवरचं बटण बंद करा, मग हात घाला.

बाकीचे उपाय थोडक्यात. जांभळ्या-हिरव्यात कुठेही लावा म्हणे. अर्धं जांभळं अर्धं हिरवं असं एकच पोर्ट असेल तर दोन्हींपैकी काहीही चालतं, दोन वेगळी असतील तर कीबोर्ड जांभळ्यातच. छोटं कन्व्हर्टर लावून कुठलाही यूएसबी कीबोर्ड चालवा, हेही चूक, कारण ते कन्व्हर्टर फक्त तारा इकडच्या तिकडे जोडतं. कीबोर्डच्या आतल्या चिपला पीएस/२ येत असेल तरच तो चालेल आणि आजच्या बऱ्याच कीबोर्डांना ते येत नाही.

शेवटचा उपाय मात्र सोडून देता येणार नाही. सुरू होताना "कीबोर्ड एरर" आला म्हणजे विंडोज खराब, फॉरमॅट मारा. तो संदेश बायोस देतो, म्हणजे मशीन सुरू होताच मदरबोर्डवरून चालणारा प्रोग्राम, विंडोज लोड होण्याच्या आधी. हार्डडिस्क काढून ठेवली तरी तो येईल. फॉरमॅटने कीबोर्ड दुरुस्त होणार नाही, मुलांच्या सरावाच्या फाइली आणि फीच्या नोंदी मात्र जातील. मावशी तिथवर पोचायच्या आत तिने मला फोन केला, एवढंच बरं झालं.

चार नंबरला सध्या मागच्या यूएसबी पोर्टात साधा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस लावून दिलाय. बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट (विंडोज सुरू होण्याआधीही यूएसबी कीबोर्ड चालू देणारं सेटिंग) आधीच चालू होता म्हणून निभावलं, नाहीतर ते सेटिंग बदलायलाही चालता कीबोर्ड लागला असता. फ्यूजसाठी बोर्ड परीक्षा संपल्यावर दुरुस्तीला देऊ. तोवर ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर "पहिले दोन उपाय करू नका" एवढं तरी लिहावं.