ज्याच्या अंगात पाणी, त्याला परवाना कशाला?

मोटरबोट घेतलीत, छान केलंत. आता पहिलं काम म्हणजे परवान्याच्या भानगडीत न पडणं. पाण्यावर ना सिग्नल, ना दुभाजक, ना पांढरे पट्टे. ज्याला गाडी चालवता येते त्याला बोट आपोआप येते, कारण स्टिअरिंग दोन्हीकडे गोलच असतं. बारीकसारीक फरक आहेत, पण त्यांची दखल घेऊ नये. बोटीला ब्रेक नसतात, हा त्यातला एक. दुसरा म्हणजे गाडी पुढच्या चाकांनी वळते आणि बोट मागून. चाक उजवीकडे फिरवलं की बोटीची शेपटी डावीकडे फेकली जाते. म्हणून निघताना बंदराचा धक्का डाव्या हाताला असेल तर तुम्ही बेधडक उजवीकडे चाक मारा, थ्रॉटल पुढे ढकला आणि मागचा कोपरा सिमेंटवर घासल्याचा आवाज ऐका. शिकलेले लोक असल्या वेळी उगाच घोळ घालतात. पुढून मागच्या दिशेला बांधलेला तिरपा दोर तेवढा राखतात, बोटीच्या नाकाशी फेंडर, म्हणजे घासू न देणारी उशी, लावतात, चाक धक्क्याकडे वळवून पुढचा गिअर हलकेच टाकतात. शेपटी आपसूक बाहेर आली की दोर सोडून मागे सरकतात. एक मिनिट जातं त्यात. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे का?

परवाना टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे योग्य तारखेला जन्म घेणं. नॉर्वेत 1 जानेवारी 1980 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना 8 मीटरहून लांब किंवा 25 अश्वशक्तीहून जोरदार बोटीसाठी प्रमाणपत्र लागतं. फ्लोरिडात 10 अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या इंजिनासाठी हीच रेषा 1 जानेवारी 1988 ला ओढली आहे. म्हणजे 31 डिसेंबर 1987 च्या रात्री तिथे जन्मलेल्या बाळाला वारा, भरती-ओहोटी आणि वाटेचे नियम उपजतच कळतात, आणि काही तासांनी जन्मलेल्याला मात्र अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. कायदा करणाऱ्यांचा हिशोब आम्हाला समजतो. जुन्या मंडळींना परीक्षेला बसवलं तर मतं जातात, आणि नव्या पिढीपासून सुरुवात केली की काही दशकांत सगळे आपोआप नियमात येतात. पण तुम्ही तो खोलात जाऊन बघू नका. जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीवर ठेवा. खडकाजवळ गेलात की खडकाला दाखवा.

तारीख आड आली तर अश्वशक्ती आहेच. फ्रान्समध्ये 6 अश्वशक्तीपर्यंतचं इंजिन बिनपरवाना चालतं. जर्मनीत आधी ही मर्यादा 5 होती, 2012 मध्ये ती 15 झाली, पण ऱ्हाईन नदीवर 5 च राहिली, कारण तिथला प्रवाह आणि मालवाहू बार्जेस यांनी नवा नियम वाचला नसावा. इटलीत 40.8 अश्वशक्तीपर्यंत आणि किनाऱ्यापासून 6 सागरी मैलांच्या आत कागद मागत नाहीत. ब्रिटनच्या किनाऱ्यावर खासगी हौशी बोटीला परवान्याची सक्तीच नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये 10 नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, गाठलात की साध्या मोटरबोटीलाही लायसन लागतं. एकाच माणसाला एकाच बोटीत बसवून या सगळ्या देशांतून फिरवलं तर तो सकाळी अडाणी, दुपारी पारंगत आणि संध्याकाळी गुन्हेगार ठरेल. पाणी मात्र सगळीकडे सारखंच ओलं.

इथे 9.9 या आकड्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बोटीच्या मागच्या फळीला टांगायच्या, म्हणजे आउटबोर्ड, इंजिनांच्या जगातला हा सर्वांत लबाड आकडा आहे. जिथे जिथे नियमांची रेषा 10 वर आहे, तिथे तिथे 9.9 अश्वशक्तीचं इंजिन खपतं. अनेक कंपन्यांच्या मालिकांत 9.9 आणि 15 यांचा सिलिंडर ब्लॉक एकच असतो, वजनही जवळपास तेच. फरक कार्ब्युरेटरच्या छिद्राचा, थ्रॉटल किती उघडेल ते अडवणाऱ्या तुकड्याचा, आणि इंधन-इंजेक्शनवाल्या इंजिनांत सॉफ्टवेअरचा. हे कळलं की खरा दर्दी काय करतो ते उघड आहे. भाग बदलतो, वरचं 9.9 लिहिलेलं झाकण तसंच ठेवतो, आणि पंधराच्या जोरावर फिरताना कागदोपत्री दहाच्या आत राहतो. तुम्हीही करा. फक्त काही गोष्टींकडे काणाडोळा करावा लागेल. बोटीच्या मागच्या फळीजवळ एक छोटी पाटी असते, तिच्यावर जास्तीत जास्त अश्वशक्ती, माणसं आणि वजन छापलेलं असतं. ती फळी जेवढा जोर सोसायला बांधली आहे त्याहून जास्त दिला की बोल्टांच्या भोवती बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी आतल्या लाकडात झिरपतं आणि लाकूड सडतं. बाहेरचा फायबर मात्र चकचकीतच राहतो, त्यामुळे काळजी नको. पाटीवर माणसांचा आकडा पुसट झाला असेल तर लहान सपाट बोटींसाठी एक ढोबळ हिशोब आहे: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. 15 फूट लांब, 6 फूट रुंद बोटीत 6 माणसं. तुम्ही पाहुण्यांना मोजताना लहान मुलं धरू नका, आइसबॉक्स धरू नका, आणि जे उभे राहून फोटो काढणार आहेत त्यांना तर अजिबात नको.

वयाचं कलम त्यामानाने सोपं. कॅनडात 12 वर्षांखालचं मूल एकटं असेल तर 10 अश्वशक्तीपर्यंत, 12 ते 16 मधलं 40 पर्यंत. सोबत 16 वर्षांवरचं कुणी बसलं की मात्र बंधन उठतं. न्यूझीलंडमध्ये 10 नॉटहून वेगाने जाऊ शकणारी बोट चालवायला 15 वर्षं पुरी हवीत, नाहीतर 15 च्या वरचं माणूस थेट देखरेखीला आणि हात पोचेल इतक्या अंतरावर हवं. यातला 'हात पोचेल इतक्या' हा भाग गाळून वाचावा. देखरेख म्हणजे पुढच्या गादीवर आडवं होऊन, टोपी डोळ्यांवर ओढून, 'सरळ जा रे' असं म्हणणं. मुलाला मांडीवर घेऊन चाक धरू दिलंत तर आणखी उत्तम. त्याचे पाय तुमच्या पायांत, तुमची नजर त्याच्या केसांत, आणि थ्रॉटल कुणाच्या ताब्यात आहे ते दोघांनाही ठाऊक नाही.

आणि मुलाचा हट्ट फारच असेल तर थेट जेट स्कीवर बसवा. कॅनडात 16 वर्षांखाली ते सोबत मोठं माणूस असूनही चालत नाही. फ्लोरिडात चालवायला 14 आणि भाड्याने घ्यायला 18 लागतात. स्वीडनमध्ये बोटींना सर्रास मोकळीक होती, तरी 2022 पासून जेट स्कीला प्रशिक्षणाचा दाखला सक्तीचा झाला. एवढ्याशा खेळण्याला एवढे जाच का, असं तुम्हाला वाटेल. कारण क्षुल्लक आहे. जेट स्कीला सुकाणू नसतं. मागच्या नळीतून जोरात बाहेर पडणारं पाणी ज्या दिशेला वळवाल त्याच्या उलट शेपटी जाते, आणि तेवढ्यावरच ती वळते. आता समोर दुसरी बोट आली. घाबरलेला माणूस काय करतो? गॅस सोडतो. गॅस सुटला की फवारा संपला, फवारा संपला की हॅण्डल कितीही मुरगळा, यंत्र आहे त्या रेषेत सरकत राहतं. वाचायचं असेल तर घाबरल्या क्षणी थोडा गॅस देऊन वळावं लागतं, म्हणजे शरीर सांगतं त्याच्या नेमकं उलट. नव्या मॉडेलांत गॅस सोडल्यावरही थोडा जोर राखणारी सोय असते, काहींत ब्रेकसारखं पाणी पुढे फेकणारी झडपही असते. पण तुम्ही घेणार ते जुनं, सेकंडहँड. वर्गात ही गोष्ट दहा मिनिटांत शिकवतात. पाण्यावर ती एकाच सेकंदात शिकता येते, शिवाय फुकट.

समजा नाइलाजाने परीक्षा द्यावीच लागली. कॅनडातल्या बोटचालक कार्डासाठी 50 प्रश्नांत 75 टक्के हवेत, फ्रान्समध्ये 40 प्रश्नांत 5 चुका माफ. पाठांतर करा, पास व्हा, घाटातून उतरायच्या आत विसरून जा. विशेषतः दिव्यांचा धडा. रात्री बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. तुमच्या उजव्या हाताला, दूर अंधारात, लाल दिवा आडवा सरकताना दिसला तर ती बोट तुमची वाट कापते आहे आणि तिला जाऊ देणं तुमचं काम आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती तोंडावर येते आहे, दोघांनीही उजवीकडे वळायचं. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे असं स्पष्ट लिहिलंय. त्यात भलताच धोका आहे, कारण समोरच्यानेही ते वाचलेलं असेल तर तो तुमच्याकडून तशीच अपेक्षा धरेल. तुम्ही त्याला चकित करा, डावीकडे वळा. तो घाईघाईने पाच छोटे भोंगे वाजवेल. त्याचा अर्थ 'तुझं काय चाललंय ते मला कळत नाही' असा आहे, पण तुम्ही तो नमस्कार समजून हात हलवा.

मोठं जहाज दिसलं की त्याच्या नाकासमोरून जाणं हा तर मनाचा मोठेपणा. अरुंद वाटेत 20 मीटरखालच्या बोटीने त्याला अडवू नये असा नियम आहे. शिवाय जहाज जिथून चालवतात त्या वरच्या कक्षातून नाकासमोरचा जो पट्टा दिसत नाही तो दोन जहाज-लांब्या किंवा 500 मीटर, यातलं जे कमी असेल, इतका असला तरी तो कायदेशीरच असतो. म्हणजे तुम्ही आरामात तिथे मावता.

आता त्या लाल गोल दोरीबद्दल. चाकापाशी एका बटणाला ती अडकवलेली असते, दुसऱ्या टोकाला हुक. चालकाने ते हुक लाईफ जॅकेटला किंवा मांडीला लावायचं असतं, म्हणजे तो जागेवरून उडाला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. अमेरिकेत 26 फुटांखालच्या बहुतेक बोटींत वेगात असताना ती लावणं 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. तारीख पाहून कुणी थट्टा समजलं असेल तर आम्ही त्याला दोष देणार नाही. दोरी लावली की उठून बिअर घ्यायला जाता येत नाही, म्हणून ती बटणालाच गुंडाळून ठेवण्याची प्रथा आहे. मग एक मोठी लाट येते, चालक बाहेर, बोट चालूच. चाकावर हात नसला की प्रोपेलरच्या मुरडीने इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरू लागते. पहिला फेरा पूर्ण झाला की ती पाण्यातल्या माणसाकडे परत येते. इंजिन 3000 फेऱ्यांवर आणि गिअर दोनास एक असेल तर पंखा मिनिटाला 1500 वेळा फिरतो. सेकंदाला 25, तीन पात्यांचे मिळून 75 घाव. दोरी तपासायची पद्धतही फालतू सोपी आहे: निघण्यापूर्वी इंजिन चालू करून ती ओढायची, इंजिन बंद पडलं पाहिजे. आणि एक जादा दोरी खणात ठेवायची, म्हणजे चालक पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांना इंजिन पुन्हा चालू करून त्याला उचलता येईल. तुमच्या बोटीत तो खण सनस्क्रीनने भरलेला असेलच.

आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर इंधन भरल्यावर लगेच किल्ली फिरवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाच्या खोलगट भागात साचून राहते, म्हणून चालू करण्यापूर्वी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवून, झाकण उघडून, नाकाने वास घ्यायचा असतो. चार मिनिटं फार होतात. दारूबद्दल वेगळं सांगायला नको. ऊन, वारा, डुलणं आणि इंजिनाची थरथर यांनी माणूस तसाही अर्धा झिंगलेला असतो, उरलेलं अर्धं तुम्ही पुरं करा.

परदेशात बोट भाड्याने घेणार असाल तर संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने ठरवलेलं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, ते बऱ्याच युरोपीय देशांत विचारतात. तिकडे लक्ष न देता सरळ बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, रंगावर जा. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा हे युरोपात बरोबर. अमेरिका खंडांत, जपानात आणि फिलिपाइन्समध्ये तोच उजवीकडे ठेवायचा असतो. तुम्ही आजवर जिकडे ठेवत आलात तिकडेच ठेवा, खडक आपली जागा बदलतील.

अमेरिकन तटरक्षक दल दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. त्यात बुडून मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नसतं आणि ज्यांवर मृत्यू झाले अशा बहुतेक बोटींच्या चालकांनी सुरक्षेचं कसलंही शिक्षण घेतलेलं नसतं. असले अहवाल वाचले की सुट्टीचा मूड जातो. त्यापेक्षा विम्याचा अर्ज वाचा. दाव्याच्या कागदावर इंजिनाचा अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष अश्वशक्ती, घटनेच्या वेळी बोटीत असलेली माणसं, आणि चाकावर कोण होतं व त्याच्याकडे त्या दिवशी चालणारा परवाना होता का, अशा चौकटी असतात. सर्व्हेअर इंजिनाचं 9.9 वालं झाकण उघडून आतला नंबर टिपून घेईल, बटणाला गुंडाळलेल्या दोरीचा फोटोही काढेल. तोवर तुम्ही चाकावर कोण होतं त्या चौकटीत सोबतच्यांपैकी कुणाचं नाव लिहायचं ते ठरवून ठेवा, आणि ज्याचं ठरवाल त्याला एकदा विचारून घ्या.