सेकंदाला किती बबल, हे मला परत विचारू नका

सेकंदाला किती बबल? बास, झाडं लावलेल्या माशांच्या टँकमध्ये सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडणाऱ्या सगळ्यांना एवढंच विचारायचं असतं. टँकचा फोटो टाका, कार्पेट (तळाला पसरणारी झाडं) पिवळं पडलंय म्हणा, रोटालाच्या झाडाची टोकं वाकडी झालीत म्हणा, पानांच्या कडांना शेवाळाची ती काळी दाढी फुटलीय म्हणा, पहिला प्रश्न हाच. आणि उत्तर दिलं की लगेच कोणीतरी उगवतो, "मी तर एकच सोडतो, माझं जंगल झालंय." झालंय ना, छान, अभिनंदन. पण तुझा बबल आणि माझा बबल एका मापाचे आहेत हे तुला सांगितलं कोणी?

साधं गणित आहे हो. बुडबुड्याचा व्यास नुसता सव्वापट झाला की आतला गॅस जवळजवळ दुप्पट होतो. आता बबल मोजायच्या काउंटरच्या आतलं तोंड कोणाचं बारीक, कोणाचं मोठं, कोणी आत पाणी भरतं, कोणी ग्लिसरीन, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळे बबल सारखेच. म्हणजे तुझा एक माझ्या दोनाएवढा असू शकतो आणि तरी आपण आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकत बसलोय. त्यातून विरघळला किती आणि पृष्ठभागावर जाऊन फुटला किती ते वेगळंच. काल होतं ते सेटिंग आज हललंय का, एवढंच बबल काउंटर सांगतो, तेही ज्याच्या त्याच्या टँकपुरतं.

आणि एकटा काउंटर असता तरी मी गप्प बसले असते. या सीओटूच्या सगळ्या सामानात सरळ खरं बोलणारी एक वस्तू नाही. एक पण नाही! सगळ्यांना काटे, रंग, आकडे दिलेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळाच निघतो, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

सिलेंडरचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरवरचं मोठं गेज घ्या. काय रुबाब त्याचा. काटा भरगच्च वर दिसला की माणूस निवांत, सिलेंडर भरलेलाय म्हणून. अहो, सिलेंडरमध्ये सीओटू द्रव असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, 20 अंशाला साधारण 57 बार, 30 अंशाला 72 च्या आसपास. सिलेंडर पूर्ण भरलेला असो नाहीतर निम्मा, काटा तिथल्या तिथेच. दुपारी खोली तापली की वर, रात्री खाली. म्हणजे तुम्ही पैसे मोजून थर्मामीटर आणलाय! (31 अंशाच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच संपतो आणि दाब अजून चढतो, तेव्हा सिलेंडर खिडकीच्या उन्हात ठेवणाऱ्यांनी कृपा करून उठा आणि आधी तो हलवा, मग पुढचं वाचा.) काटा खाली यायला लागतो तो द्रव संपल्यावर, तोवर बराचसा माल संपलेला असतो. उरलाय किती ते कळायला एकच मार्ग, सिलेंडर उचला, वजनकाट्यावर ठेवा, रिकाम्याचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं ते वजा करा. ही एक ओळ खोक्यावर छापायला काय जातं यांचं?

आणि काटा एकदाचा पडायला लागला की पुढचा तमाशा. साध्या सिंगल स्टेज रेग्युलेटरमध्ये सिलेंडरचा दाब उतरला की बाहेर जाणारा दाब उलटा वाढतो. हो, वाढतो, नीट वाचलंत. म्हणजे सिलेंडर संपत आला की टँकमध्ये गॅस कमी जाईल असं आपण धरून चालतो, आणि तो जास्त जातो. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडून हापसत असतात आणि आपण फिल्टर बंद पडला का, खाणं जास्त झालं का, पाण्यात काही गेलं का असल्या शंका काढत फिरतो. ड्युअल स्टेज घेतला की हे टळतं, पण ड्युअल स्टेज म्हणजे नुसती दोन गेज नव्हेत, आत दाब दोन टप्प्यांत उतरवणारी यंत्रणा लागते. विकणारे मात्र दोन गेज दाखवून 'ड्युअल' म्हणून खपवतात, आणि 'ड्युअल गेज' आणि 'ड्युअल स्टेज' यातला फरक विचारला तर समोरचा असा बघतो की मीच वेडी.

गॅस कमीजास्त करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. तो नॉब बोटात धरायचा, श्वास रोखायचा, केसभर फिरवायचा. काही नाही. अजून केसभर. काही नाही. अजून थोडासा, आणि बबलची एकदम माळ सुटते, मोजताच येत नाही. परत मागे, तर पूर्ण बंद. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून, नाक काउंटरला टेकवून, तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत बसायचं, एकदाचं जमलं म्हणून लाइट बंद करून झोपायचं, आणि सकाळी सोलेनॉइडने (टायमरवर चालणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हने) टिक् करून गॅस सोडला की आकडा वेगळाच! रात्रभर कोणी हात लावलेला नाही. खोलीचं तापमान बदललं, मागचा दाब जरा सरकला, की स्वस्तातला व्हॉल्व्ह आपल्या मनाने चालतो. आणि हे रोज वरखाली होणं हेच त्या काळ्या दाढीचं आवडतं खाद्य. एरवी सीओटू थोडा कमी पण रोज तेवढाच असला तरी झाडं जुळवून घेतात, आज भरपूर उद्या नाही असं झालं की ती थबकतात आणि शेवाळाचं फावतं. बाय द वे, दिसायला काळं असलं तरी ते शास्त्राप्रमाणे लाल शेवाळात मोडतं, मारलं की गुलाबी होतं. माझ्या टँकमध्ये अलीकडे जो काही गुलाबी रंग दिसतो तो तेवढाच.

गळती. सिलेंडर लवकर संपतोय म्हटलं की पंडित लोक सांगतात, टेफ्लॉन टेप गुंडाळ. कुठे? सिलेंडरच्या मोठ्या नटवर?? तिथे वॉशर सील करतो, आटे नाही. वॉशर चेपलेला असेल तर टेपचं अख्खं रीळ गुंडाळा, गॅस जाणारच. साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि तिथेच बसा, कारण मोठी गळती फसकन् दिसते पण बारीक गळतीला नटच्या कडेला पांढरा फेस साबुदाण्यासारखा हळूहळू फुगत येतो, घाईत बघणाऱ्याला तो दिसणारच नाही. आणि एवढं करून जोड घट्ट केले तरी पुढे सिलिकॉनची नळी लावलेली असते, जिच्या भिंतीतूनच सीओटू आरपार जातो! एअर पंपाची म्हणून ती नळी ठीक आहे. पण सीओटू किट म्हणून जे खोकं विकता त्यात तीच नळी गुंडाळून कशी देता? सोबत पाणी उलटं येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा चेक व्हॉल्व्ह, जो काही दिवसांनी आतून कडक होतो, मग पाणी उलटं चढतं आणि थेट सोलेनॉइडच्या पोटात. भोगा.

आणि आता आपला लाडका ड्रॉप चेकर, पाण्यात सीओटू किती ते रंगाने सांगणारी टँकमधली कुपी, निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे धोका. किती सोपं वाटतं ना. पहिली गोष्ट, तो आत्ताचं सांगतच नाही. गॅस पाण्यातून त्या बारीक हवेच्या फुग्यात आणि तिथून आतल्या द्रावणात जाईपर्यंत एक-दोन तास मागे पडलेला असतो. तो पिवळा होईपर्यंत मासे केव्हाच वर. दुसरी गोष्ट, आत 4 डीकेएचचं (म्हणजे ठरलेल्या कार्बोनेट कडकपणाचं) द्रावणच हवं, तेव्हा कुठे पीएच 6.6 ला म्हणजे 30 पीपीएम सीओटूला ते हिरवं होतं. आणि 6.8 असला तरी हिरवं, तिथे सीओटू 19, आणि 6.4 ला पण हिरवटच, तिथे 48! म्हणजे उपाशी झाडं आणि गुदमरणारे मासे दोघांनाही हिरवा दिवा. आणि माझ्या किटच्या कागदावर चक्क लिहिलंय, "टँकचं पाणी भरा आणि थेंब टाका". टँकच्या पाण्याचा केएच (तोच कडकपणा) किती हे कोणाला माहितीये? मग तो हिरवा रंग कशाचा? कागद लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी टँकमध्ये हात घातला होता का?

हे सगळं सांगून झालं की शेवटी कोणीतरी समजूतदार आवाजात म्हणतं, अगं कशाला एवढी डोकेफोड, लिक्विड सीओटू टाक की. लिक्विड सीओटू! त्या बाटल्यांमध्ये बहुतेक ग्लुटारल्डिहाइड नाहीतर त्याच्याच घरातलं काहीतरी असतं, तेच ज्याने दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करतात. शेवाळावर थेंब सोडला तर मरतं, हे मान्य. पण व्हॅलिस्नेरियाचं झाड त्यात वितळतं आणि गॅसची बरोबरी तर ते करूच शकत नाही. लेबलवर झाडांचं हिरवंगार चित्र आणि मागे बारीक अक्षरात "त्वचेला लागू देऊ नका".

मी सध्या पीएच पेनवर आले आहे. त्यातल्या त्यात कमी खोटारडं. सकाळी गॅस सुरू व्हायच्या आधी रीडिंग, लाइट लागताना रीडिंग, पीएच साधारण एक पॉइंट उतरला की सीओटू दहापट झाला, आणि लाइट लागताना तो तिथे पोचलेला हवा, म्हणून टायमर एक-दोन तास आधी. पण पेनला सुद्धा पीएच 7 आणि 4 च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवून अधूनमधून कॅलिब्रेट करत बसा, टोक कोरडं पडू देऊ नका, आणि सुरुवातीचं रीडिंग घ्यायला पाणी कपात काढून दिवसभर उघडं ठेवा, नाहीतर रात्रीचा उरलेला गॅस हिशोबात घुसतो आणि उतार कमी दिसतो. एवढी उस्तवार. तेही केएच स्थिर असेल तरच. आणि एवढं करून पाणी जर फिरत नसेल तर एका कोपऱ्यात 30 आणि कार्पेटपाशी अर्धा सुद्धा नाही, कारण पाण्यात सीओटू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. गॅसचे बारीक बबल करणाऱ्या डिफ्यूजरमधून धुकं निघालं म्हणजे पानापर्यंत पोचलं असं नसतं हो.

खरं काम करणारा सल्ला एकच मिळाला, लाइट कमी कर. लाइट जास्त तेवढी झाडांची कार्बनची भूक जास्त, भूक कमी केली की सीओटूच्या चुका झाकल्या जातात. केली मी कमी. शेवाळ थांबलंय. आणि आता लुडविजिया हे झाड लालचं हिरवं होत चाललंय आणि कार्पेटचा मॉन्टे कार्लो जमिनीला धरायचं सोडून वर वर निघालाय, त्याचा फोटो टाकला तर म्हणे, लाइट वाढव.