सोंडेतला छावा आणि उलट्या नावाचा फोटोग्राफर

'या शतकातला सर्वोत्तम फोटो' म्हणून एक चित्र गेली काही वर्षं फिरतंय. आफ्रिकेच्या माळरानावर हत्ती निघालाय, त्याच्या सोंडेच्या वेटोळ्यात सिंहाचा छावा बसलाय आणि शेजारून सिंहीण चाललीय. सोबतचा मजकूर असा: उन्हामुळे छाव्याला पाऊल उचलवेना, हा मरणार हे हत्तीने ओळखलं आणि त्याला उचलून पाण्यापर्यंत नेलं. आणि आपण यांना रानटी म्हणतो! सफारीला निघालेल्यांच्या ग्रुपवर कुणी ना कुणी हे टाकतंच, खाली हात जोडलेल्यांची रांग लागते.

आधी फोटोचंच बघू. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात कुठे काय दिसलं याची खबर देणाऱ्या 'क्रूगर साइटिंग्ज'ने तो टाकला, 1 एप्रिल 2018 रोजी. फोटोग्राफरचं नाव दिलं होतं स्लूफ लिर्पा. रोमन अक्षरांत लिहून उलटं वाचा, 'एप्रिल फूल्स' निघेल. वेगवेगळे फोटो जोडून केलेली थट्टा होती ती, आणि त्यांनी ती उघडपणे सांगितलीही. तारीख आणि नाव गाळून त्या जागी सुविचार चिकटवला, तो पुढच्यांनी.

उन्हाचं म्हणाल, तर सिंह भर उन्हात पिल्लांना घेऊन माळ तुडवत नाहीत. दिवसाचा बराच वेळ ते सावलीला पडून असतात, हालचाल रात्री किंवा पहाटे. छावा अगदी लहान असला तर आई त्याला मानेजवळ तोंडात धरून हलवते. तिला हमाल लागत नाही.

हत्तीण स्वतःच्या पिल्लालाही असं सोंडेत बसवून मिरवत नाही. नवजात पिल्लू साधारण 100 किलोचं असतं आणि जन्मल्यावर तास-दोन तासांत चालायला लागतं. चिखलात अडकलं, पडलं तर आई आणि मावश्या सोंडेने, पायाने, कधी सुळ्यांनी त्याला ढकलून उभं करतात. चालायचं मात्र त्यानेच.

खरी गफलत पुढे आहे. हत्तीच्या लेखी सिंह म्हणजे पिल्लांचा वैरी. बोट्स्वानातल्या चोबे उद्यानात, सावुती भागात, 1990च्या दशकात सिंहांचे कळप रात्रीच्या अंधारात हत्तींची शिकार करत होते, आणि त्यात लहान-तरुण हत्तीच जास्त मारले जात. केनियातल्या अंबोसेलीत कॅरन मकोम्ब आणि सहकाऱ्यांनी हत्तींच्या कळपांना सिंहांच्या डरकाळ्या लाउडस्पीकरवरून ऐकवल्या. त्याचे निष्कर्ष 2011 साली आले. आवाज तीन सिंहांचा असला तर कळप एका सिंहाच्या आवाजापेक्षा जास्त सावध व्हायचे. पण आवाज नराचा की मादीचा, हे नेमकं ओळखण्यात साठी ओलांडलेल्या म्होरक्या हत्तिणी सरस ठरल्या. नराची डरकाळी ऐकली की त्या जास्त वेळ कान देऊन ऐकायच्या आणि कळप चटकन एकवटायचा. कारण सरळ आहे: हत्तीचं पिल्लू एकट्याने पाडण्याची ताकद नर सिंहात असते. साठ वर्षं जगलेल्या हत्तिणीला हे ठाऊक असतं. फॉरवर्ड करणाऱ्याला नसतं, एवढंच.

म्हणून सफारीत पाणवठ्यावर सिंह बसलेले असताना हत्तींचा कळप आला, तर काय होतं ते नीट बघा. पिल्लं मोठ्यांच्या पायांमध्ये सरकतात, कान फाकतात, सोंडा वास घ्यायला वर जातात. बहुतेक वेळा सिंहच उठून बाजूला होतात. नाही झाले तर हत्ती तुतारीसारखा आवाज काढत अंगावर धावून जातात. अशा वेळी गाइड जीप मागे घेऊ लागला तर 'अजून एक फोटो' म्हणून त्याला अडवू नका.

राहिला 'रानटी म्हणतो' हा टोमणा. हत्तींना करुणा असते का, या प्रश्नाला जुळवलेल्या चित्राची मुळीच गरज नाही. केनियातल्या सांबुरू अभयारण्यात 10 ऑक्टोबर 2003 रोजी एलेनॉर नावाची म्होरकी हत्तीण कोसळली. काही मिनिटांत ग्रेस नावाची दुसऱ्याच कुटुंबाची म्होरकी धावत आली आणि सुळे लावून तिला उभं केलं. एलेनॉर थोडी चालली, पुन्हा पडली. ग्रेसचं स्वतःचं कुटुंब पुढे निघून गेलं तरी ती बराच वेळ तिला उठवायची धडपड करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एलेनॉर मेली. नंतरचे काही दिवस वेगवेगळ्या कुटुंबांतले हत्ती तिच्या मृतदेहापाशी येऊन गेले, ज्यांचं तिच्याशी नातं नव्हतं तेही. संशोधक इयन डग्लस-हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी ही सगळी नोंद 2006 साली शोधनिबंध म्हणून छापली. फोटोही आहेत त्यात. फोटोग्राफरचं नाव हवं त्या बाजूने वाचा.