नाइलाजाने साम्राज्य कसे उभारावे

तुम्हाला दुसऱ्याचा मुलूख हवा असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त तो हवा आहे असे चारचौघांत बोलू नका. रोमनांकडे बघा. भूमध्य समुद्राचा अख्खा किनारा घेतला, पण त्यांच्या तोंडून ऐकाल तर बहुतेक युद्धे त्यांच्या गळ्यात येऊन पडलेली. मित्राने हाक मारली, शेजाऱ्याने आगळीक केली, देवांचीही हरकत दिसेना. बिचारे करणार काय?

देवांचे आधी उरकून घ्या. रोममध्ये त्यासाठी फेतियाली नावाचे पुरोहित होते. ते सीमेवर जाऊन मागण्या सांगत, ठरलेले दिवस वाट पाहत आणि मग शत्रूच्या जमिनीत भाला फेकत. एवढे झाले की युद्ध धर्म्य. पिऱ्हस राजाशी लढायच्या वेळी, इ.स.पू. २८० च्या सुमारास, जरा पंचाईत झाली. त्याचे राज्य इपायरस समुद्रापलीकडे, ग्रीसच्या बाजूला. तिथवर भाला पोचवणार कोण? तेव्हा म्हणे त्याचा एक सैनिक पकडला, त्याला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला आणि भाला त्यात फेकला. सातबारा शत्रूच्या नावावर, जमीन आपल्या दाराशी. पुढे बेलोना देवीच्या देवळापुढची जागाच कायमचा परका मुलूख मानू लागले. इ.स.पू. ३२ मध्ये रोमन नेता ऑक्टेव्हियनने इजिप्तच्या राणी क्लिओपात्राविरुद्धचे युद्ध तिथेच पुकारले. भांडण खरे तिच्या बाजूच्या रोमन सेनापतीशी, अँटनीशी होते, पण तो पडला घरचा. त्याचे नाव काढलेच नाही.

एवढ्याने भागत नसेल तर रोमन सेनापती ज्युलियस सीझरची शिकवणी लावा. हा माणूस कर्जात इतका बुडालेला, की स्पेनचा कारभार हाती घ्यायला निघाला तेव्हा सावकारांनी वाट अडवली आणि क्रॅसस नावाचा धनाढ्य रोमन ८३० टॅलंटना, म्हणजे टनावारी चांदीच्या कर्जाला, जामीन राहिला. अशा माणसाला इ.स.पू. ५८ मध्ये गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, सीमेवरचे प्रांत मिळाले. त्याच वर्षी हेल्वेती नावाच्या टोळ्या आपली गावे स्वतःच जाळून पश्चिमेकडे निघाल्या. तुमच्या प्रांतातून जाऊ द्या, अशी त्यांनी रीतसर परवानगी मागितली. सीझर म्हणाला, विचार करायला वेळ द्या. तेवढ्या वेळात त्याने जिनिव्हाच्या सरोवरापासून जुरा डोंगरापर्यंत १९ रोमन मैलांची तटबंदी उभी केली आणि मग नकार कळवला. हेल्वेतींनी मुकाट्याने दुसरा रस्ता धरला, रोमन प्रांताच्या बाहेरचा.

इथे कच्चा सेनापती घरी परतला असता. तुम्ही परतू नका, नकाशा काढा. हेल्वेती जिथे निघाले होते तो सांतोनी लोकांचा मुलूख आपल्या प्रांतातल्या तोलोसापासून फार दूर नाही, असे सीझरने आपल्या युद्धवृत्तांतात लिहून ठेवले. सांतोनींच्या मुलुखातल्या आजच्या सेंतपासून तुलूझ, म्हणजे जुने तोलोसा, सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे. पण धोका मोजायची फूटपट्टी वेगळी असते. सीझरने हेल्वेतींना गाठून हरवले: निघाले होते ३,६८,०००, घरी परतले १,१०,०००. हे आकडे शत्रूचे नाहीत, सीझरनेच अभिमानाने दिलेले आहेत.

एकदा सुरुवात झाली की नाइलाज आपोआप वाढत जातो. जर्मन राजा आरिओव्हिस्टसला ‘रोमन जनतेचा मित्र’ ही पदवी मिळाली ती सीझरच कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी असताना. वर्षभरात त्याच्यावर चालून जाणे भाग पडले. इ.स.पू. ५५ मध्ये जर्मनांना जरब बसवायला ऱ्हाईन नदीवर १० दिवसांत पूल बांधावा लागला, पलीकडे १८ दिवस राहून परत आल्यावर तो तोडावाही लागला. मग ब्रिटन. का? तर गॉलांना तिकडून मदत येते.

कारण सांगायला मात्र विसरू नका, नाहीतर तुमचा क्रॅसस होईल. पूर्वेकडच्या पार्थिया राज्याने काहीही कुरापत काढलेली नसताना हा साठीचा धनाढ्य फौज घेऊन निघाला. पार्थियन वकिलाने विचारले, हे युद्ध रोमचे की तुमचे एकट्याचे? इतका सोपा प्रश्न! सीझरने यावर अख्खे प्रकरण लिहिले असते. क्रॅसस म्हणाला, उत्तर तुमच्या सेलुशिया शहरात देईन. वकिलाने तळहात पुढे केला: सेलुशिया दिसण्याआधी इथे केस उगवतील. इ.स.पू. ५३ मध्ये कऱ्हाईजवळ क्रॅसस मेला.

समोरच्यालाही नाइलाज असतो, हे मनावर घेऊ नका. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, आधी रोमकडून हरलेल्या कार्थेजला तहाने बांधले होते: रोमच्या परवानगीवाचून लढायचे नाही. शेजारचा राजा मॅसिनिसा त्यांची जमीन कुरतडत राहिला, ते रोमकडे तक्रारी नेत राहिले आणि निकाल बहुधा मॅसिनिसाच्या बाजूने लागत राहिला. शेवटी त्यांनी शस्त्र उचलले. झाला तहभंग! मग इ.स.पू. १४९ मध्ये रोमने ३०० मुले ओलीस मागितली, दिली. शस्त्रे मागितली, दिली. मग सांगितले, शहर सोडा आणि समुद्रापासून सुमारे १५ किलोमीटर आत जाऊन राहा. एवढे मात्र ऐकले नाही. हट्टी लोक. तीन वर्षांनी शहर नाइलाजाने जाळण्यात आले.

घरातला एखादा केटो, सीझरच्या त्या कट्टर विरोधकासारखा, त्रास देईल. इ.स.पू. ५५ मध्येच दोन जर्मन टोळ्यांच्या ८०० स्वारांनी तह मोडून आपल्या ५,००० स्वारांवर हल्ला केला, असे सीझरचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी त्यांचे म्होरके माफी मागायला आले. सीझरने त्यांना अडकवून ठेवले आणि बायकामुलांसकट त्यांच्या तळावर फौज घातली. केटो म्हणाला, सीझरला त्या जर्मनांच्या हवाली करा. रोमच्या सिनेटने, म्हणजे ज्येष्ठांच्या सभेने, मात्र सीझरच्या यशाबद्दल देवांचे आभार मानायला २० दिवसांचा उत्सव ठरवला.

तरी अधिकारपद मात्र सोडू नका. पद गेले की खटले उभे राहतात, मग स्वतःच्याच देशावर चालून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसच्या मैदानात सीझरचा रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पी याच्या बाजूचे रोमन मरून पडले होते. ते पाहून सीझर म्हणाला, त्यांनाच हे हवे होते. मी सैन्याची मदत घेतली नसती तर एवढे पराक्रम करूनही मला शिक्षाच झाली असती.