फुटलेलं अपेंडिक्स आणि परभणीच्या काकांचा राग

नमस्कार काका,

फुटलेल्या अपेंडिक्सलाही दुर्बिणीचं ऑपरेशन चालतं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच तापलात. हा बिल वाढवायचा धंदा आहे. पुतण्याचं दुर्बिणीनं केलं, आठवड्यात पोटात पुन्हा पू झाला, परत भरती करावं लागलं. जुन्या सर्जनसारखं पोट उघडून धुतलं असतं तर ही वेळच आली नसती, असं तुमचं म्हणणं.

संशय अगदीच हवेतला नाही. दुर्बिणीनंतर पोटात पू साठण्याचं प्रमाण जास्त असल्याचं सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलं होतं. सर्जनचे हात बसत गेले तसा हा फरक बराच ओसरला. (1980 साली जर्मनीत कुर्ट झेम यांनी पहिल्यांदा दुर्बिणीनं अपेंडिक्स काढलं, तेव्हा तिथले सर्जनही त्यांच्यावर असेच उखडले होते. त्यातून ते स्त्रीरोगतज्ज्ञ!)

धुण्याचं मात्र मला पटत नाही. पू होतो तो अपेंडिक्स फुटल्यामुळे आणि दवाखान्यात यायला उशीर झाल्यामुळे. बाटल्यांवर बाटल्या सलाईन ओतून धुतल्यानं तो पुन्हा साठायचा थांबतो, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. दिसेल तिथला पू शोषून घ्यायचा आणि अपेंडिक्समधून निसटलेला मळाचा खडा शोधून काढायचा, हे जास्त मोलाचं. तो खडा आत राहिला की पुन्हा गळू व्हायची भीती असते. उजव्या कुशीतल्या चिऱ्यातून लघवीच्या पिशवीमागचा पू बोटानं चाचपावा लागतो. दुर्बिणीत तो समोर दिसतो.

आणि जखमेचं काय? पुवाचं पोट उघडलं की तो पू कातडीखालच्या चरबीला लागतोच. चार-पाच दिवसांत टाक्यांभोवती लाली, दाबलं की गढूळ पाणी. मग टाके सोडायचे, जखम उघडी ठेवायची, रोज गॉज बदलायचा. केज-धारूरकडचा ऊसतोडीचा गडी, डोक्यावर मुकादमाची उचल, राहायला फडाजवळची कोपी; त्यानं रोज ड्रेसिंगला यायचं कुठून? दुर्बिणीत जखम पिकण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. माझा कल तिकडे आहे तो मुख्यतः यासाठी.

तरी पोट उघडायची वेळ माझ्यावरही येते. बीपी पडलेलं असतं, आतडी फुगून दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरायला जागा नसते, नाहीतर अपेंडिक्सचं बूडच सडलेलं असतं. दुर्बिणीनं सुरू करून मध्येच उघडलं की नातेवाईक ‘फेल गेलं’ म्हणतात, म्हणू देत. अपेंडिक्सभोवती गाठ धरलेली असेल तर कधीकधी आधी नुसती अँटिबायोटिक आणि पू काढायला नळी, चाकू नंतर.

दुर्बिणीचं सामान महाग, हे तुमचं खरंच आहे. आणि ज्याचा हात तिच्यावर बसलेला नाही त्यानं रात्री दोन वाजता हौस भागवू नये. त्याच्याकडे उघडं ऑपरेशनच बरं. डॉक्टर निवडताना हेच आधी विचारा.

पुतण्याला पुन्हा ताप आला, पोट फुगलं किंवा सारखं शौचाला लागल्यासारखं झालं, तर वाट न बघता सोनोग्राफी करून घ्या. काढलेलं अपेंडिक्स लॅबला पाठवतात, त्याचा रिपोर्ट फाईलमध्ये लागलाय का तेवढं बघा. बऱ्याचदा तो कुणी आणायलाच जात नाही.