मोतीबिंदूवरच का थांबलात?

डोळ्यातल्या साखरेवरच्या तुमच्या लेखात साखर म्हणजे मधुमेह आणि मोतीबिंदू, एवढ्यावरच आटोपलंय. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, राहूनच गेला की! तिथं केराटन सल्फेट ही साखरेची साखळी कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांमधलं अंतर नेमकं राखते, म्हणून उजेड आरपार जातो. सीएचएसटी६ जनुक बिघडलं की साखळीला सल्फेट जोडलं जात नाही, पडदा धुरकटतो. हा दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो, आणि आपल्या मराठवाड्यात मामाची पोरगी करायची रीत अजून आहे. परभणीत माझ्या चष्म्याच्या दुकानात दोघं सख्खे भाऊ आले होते. ‘फूल पडलंय’ म्हणून घरचे मध घालत होते. टॉर्च मारला तर चारही डोळ्यांत कडा पुसट झालेले राखाडी ठिपके. नजर फारच गेली तर कॉर्निया बदलावा लागतो, मधानं काय होणार?